सर्व्हर चालू, पण लॉगिन बंद! रिमोट डेस्कटॉपच्या लायसन्सचा घोळ

दुधनीत जानेवारी म्हणजे तुरीचा मोसम. यार्डात गाड्यांची रांग, शेतकरी पट्टीसाठी दारात उभा, आणि नेमकं तेव्हाच आमच्या आडत दुकानातल्या तिन्ही कॉम्प्युटरवर टॅली उघडेना. मेसेज काय, तर लायसन्स सर्व्हर उपलब्ध नाही. त्या दिवशी सगळ्या पट्ट्या हाताने लिहिल्या.

सर्व्हर ठणठणीत होता, नेटही होतं. मग बिघडलं कुठे? बसवून देणारा सप्टेंबरमध्ये "सगळं झालंय" म्हणून पैसे घेऊन गेला होता. विंडोज सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉप सर्व्हिस टाकली की मायक्रोसॉफ्ट 120 दिवसांची सवलत देतं. तेवढे दिवस लायसन्स नसलं तरी सगळे आत जातात. सप्टेंबर ते जानेवारी, मोजा तुम्हीच.

अशा वेळी घाबरून सर्व्हर फॉरमॅट करायला देऊ नका. रनमध्ये 'एमएसटीएससी स्लॅश ॲडमिन' टाकलं की ॲडमिनला लायसन्सशिवाय आत जाता येतं. ही वाट फक्त दुरुस्तीपुरती, रोजच्या बिलिंगसाठी नाही. आत गेल्यावर 'आरडी लायसन्सिंग डायग्नोझर' उघडा. लायसन्स सर्व्हर सापडतोय का, मोड ठरवलाय का, किती लायसन्स शिल्लक आहेत, सगळं तिथे दिसतं.

आता खरी मेख. लायसन्स दोन प्रकारचं: पर यूजर आणि पर डिव्हाइस. घाईत मी पर यूजर घेतलं, कारण दुकानदार म्हणाला तेच चालतं. लगेच लावलं, आणि एक तासानं सगळे बाहेर! आमचा सर्व्हर 2019 चा आणि साध्या वर्कग्रुपवर, डोमेन नाही. अशा ठिकाणी पर यूजर मोड ठेवला की 60 मिनिटांची सूचना येते आणि सेशन तुटतं. आपल्यासारख्या छोट्या दुकानात डोमेन बहुतेक नसतंच, म्हणून पर डिव्हाइसच घ्यायचं. व्हर्जनही बघा: 2019 च्या सर्व्हरला 2016 चं लायसन्स चालत नाही, त्याच व्हर्जनचं किंवा नवं लागतं. शिवाय विंडोज सर्व्हरचं साधं क्लायंट लायसन्स वेगळं लागतं, कोटेशनमध्ये ते गाळलेलं असतं.

लायसन्स घेऊनही काम संपत नाही. जीपीएडिटमध्ये जाऊन लायसन्स सर्व्हरचं नाव आणि मोड, दोन्ही भरावं लागतं.

सगळे चालतात आणि एकच कॉम्प्युटर अडतो, तर दोष त्या कॉम्प्युटरचा. त्याच्या रजिस्ट्रीत लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्टखाली 'एमएसलायसेन्सिंग' नावाची की असते. आधी बॅकअप घ्या, मग ती डिलीट करा आणि रिमोट डेस्कटॉप एकदा 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून जोडा. की नव्याने तयार होते. (ॲडमिन म्हणून न उघडल्यामुळे माझा अर्धा तास वाया गेला होता.) जुना पीसी भंगारात दिला तरी त्याचं लायसन्स लगेच सुटत नाही, 52 ते 89 दिवसांत आपोआप परत येतं.

कुणीतरी सांगेलच, "सर्व्हरवरची एक की उडवा, परत 120 दिवस फुकट." ते लायसन्सच्या अटी मोडणं आहे. आणि एका वेळी एकच माणूस वापरणार असेल, तर हा खर्चच नको, विंडोज प्रो पुरतं.

यंदा नव्या माणसाचं शेवटचं बिल मी डायग्नोझरचा स्क्रीन समोर उघडायला लावून, 'पर डिव्हाइस' आणि शिल्लक आकडा डोळ्यांनी बघूनच चुकतं केलं.