गर्भवती भगिनींचा बळी घेतला तो विषाणूने की व्यवस्थेने?

देवळाली कॅम्पची हवा चांगली, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मुंबईचे धनिक पारशी आणि गुजराती या कोरड्या हवेसाठी येथे येत. त्यांनी बंगले बांधले, सॅनेटोरियम उभारली. आमच्या बापजाद्यांनी लष्कराच्या छावणीत आणि या बंगल्यांत पडेल ते काम केले. अशा या चांगल्या हवेच्या गावात एप्रिल 2021 मध्ये माणसे श्वासासाठी तडफडत होती. जवळच नाशिक शहरात, महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात 21 एप्रिल 2021 रोजी ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि 20 हून अधिक रुग्ण प्राणवायूअभावी गेले.

त्याच दिवसांत आमच्या ओळखीची एक भगिनी आठ महिन्यांची गरोदर होती. बंगल्यांतून धुणीभांडी करून ती घर चालवत असे. ताप आला, दम लागू लागला. एका दवाखान्याने 'आधी तपासणीचा अहवाल आणा' म्हणून दारातूनच परत पाठवले. दुसरीकडे खाट नव्हती. रिक्षावाला वस्तीतलाच, म्हणून तो थांबून राहिला. तिसऱ्या ठिकाणी रात्री उशिरा ती बाळंत झाली. बाळ दिवस भरण्याआधीचे, पावणेदोन किलोचे. सुदैवाने मायलेकरू दोघेही वाचली. वास्तविक, अहवाल नाही म्हणून बाळंतपण अडवू नये, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मे 2020 मध्येच लेखी सांगितले होते. नियम होता, पण तो आमच्या भगिनीपर्यंत वर्षभरात पोहोचला नाही.

या घटनेला आता काही वर्षे झाली. 5 मे 2023 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. लोक विसरले. आम्ही मात्र विसरू इच्छित नाही. कारण पुन्हा साथ आली तर पहिला फटका कोणाला बसणार, हे त्या दोन वर्षांनी दाखवून दिले आहे.

गरोदर बाईला हा आजार जड का जातो, ते आधी समजून घेऊ. शेवटच्या महिन्यांत गर्भाशय वर सरकते, छातीच्या पडद्यावर दाब येतो आणि फुप्फुसाला पसरायला जागा कमी उरते. त्याच वेळी शरीराला प्राणवायू मात्र जास्त लागतो. रक्त गोठण्याची प्रवृत्तीही वाढलेली असते. त्यातच अंगात रक्त कमी असेल तर प्राणवायू वाहून नेणार कोण? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) देशातील 100 पैकी 52 गर्भवतींना रक्तक्षय आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक आया विषाणू येण्याआधीच अर्धी लढाई हरलेल्या होत्या.

आता आकडे पाहा. पहिल्या आणि दुसऱ्या लाटेतील मिळून 1,530 बाधित गर्भवती व बाळंतिणींची तुलना भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने जून 2021 मध्ये जाहीर केली. पहिल्या लाटेत लक्षणे असलेल्या 14.2 टक्के होत्या, दुसऱ्या लाटेत त्या 28.7 टक्के झाल्या. मृत्यूचे प्रमाण 0.7 टक्क्यांवरून 5.7 टक्क्यांवर गेले. म्हणजे आठपट! महाराष्ट्रात लाखामागे होणारे मातामृत्यू 2018-20 या काळात 33 होते, ते 2019-21 मध्ये 38 झाले. वर्षानुवर्षे खाली येत असलेला आकडा वर चढला.

अमेरिकेतील पाहणीत बाधित मातांमध्ये मृत बालक जन्मण्याचे प्रमाण जवळपास दुप्पट आढळले. बाळ दिवस भरण्याआधी जन्मणे, मातेचा रक्तदाब वाढणे हेही अनेक देशांत दिसून आले. पोटातील बाळाला थेट लागण मात्र क्वचितच होते. पुण्याच्या ससून रुग्णालयात 2020 साली असे बाळ आढळले. त्याच्या नाकातील स्राव, नाळ आणि वार या तिन्हींत विषाणू सापडला. देशातील अशी ही पहिली नोंद. डॉ. आरती किणीकर यांच्या पथकाने त्या बाळावर उपचार केले आणि सुमारे तीन आठवड्यांनी ते बरे होऊन घरी गेले. जगभरच्या अभ्यासांचा मेळ घातला तर बाधित मातांच्या 100 बाळांमध्ये दोनांनाही लागण होत नाही, असे दिसते. तेव्हा बाळाला खरा धोका असतो तो आईची प्रकृती ढासळण्याचा आणि अकाली जन्माचा. आई वाचली, की बहुधा बाळही वाचते. मुंबईच्या नायर रुग्णालयात शेकडो बाधित मातांची बाळंतपणे झाली. सरकारी दवाखाना मनावर घेतो तेव्हा गरिबाची बाई वाचते, हे आम्ही येथे मुद्दाम नमूद करतो.

मग दुसऱ्या लाटेत एवढ्या माता का गेल्या? विषाणूचे रूप बदलले होते, हे खरेच. पण आपल्या देशात 16 जानेवारी 2021 रोजी लसीकरण सुरू झाले तेव्हा गर्भवतींना त्यातून वगळले होते. लसीच्या चाचण्यांत गर्भवतींना घेतलेच नव्हते, म्हणून खात्री नाही, असे कारण दिले गेले. अमेरिकेत गर्भवतीला सुरुवातीपासून स्वतः ठरवण्याची मोकळीक होती. ब्रिटनने एप्रिल 2021 मध्ये लस खुली केली. आमच्याकडे परवानगी मिळाली ती 2 जुलै 2021 रोजी. तोवर दुसरी लाट ओसरत आली होती! काळजी घेणे समजू शकते. पण धोका कोणता मोठा, लसीचा की आजाराचा, हे त्या बाईला विचारले कोणी? पुढे सिद्ध झाले ते असे की, गरोदरपणी घेतलेल्या लसीमुळे तयार होणारी प्रतिकारशक्ती वारेतून बाळापर्यंत पोहोचते आणि पहिले सहा महिने त्यालाही जपते.

विषाणूची लागण न होताही टाळेबंदीने गर्भवतींचे हाल केले. मे 2020 मध्ये नाशिकहून मध्य प्रदेशातील सतन्याकडे पायी निघालेली एक मजूर भगिनी आग्रा रोडवर वाटेतच बाळंत झाली. तासा-दोन तासांची विश्रांती घेऊन नवजात लेकरासह ती पुन्हा चालू लागली आणि 150 किलोमीटरच्या आसपास चालली. जगाने तिची बातमी वाचून हळहळ व्यक्त केली. आम्हाला हळहळ नको, जबाब हवा.

28 जुलै 1928 रोजी मुंबईच्या विधिमंडळात बाळंतपणाच्या लाभाच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले होते की, बाळंतपणाआधी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. हा भार मुख्यतः सरकारने उचलावा आणि तिच्या श्रमांवर नफा कमावणाऱ्या मालकानेही त्यातून सुटू नये, असे त्यांचे म्हणणे होते. स्वतःची चार अपत्ये गमावलेल्या बापाला लेकराचे मोल कोणी शिकवायला नको होते. 1929 साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. पुढे 2017 मध्ये पगारी रजा 26 आठवड्यांची झाली. पण ही रजा मिळते ती हजेरीपटावर नाव असलेल्या बाईला. धुणीभांडी करणारी, द्राक्षबागेत राबणारी, बांधकामावर घमेली वाहणारी बाई कोणत्या हजेरीपटावर आहे? अन्नसुरक्षा कायद्याने 2013 साली प्रत्येक गर्भवतीला किमान 6,000 रुपये देऊ केले. प्रत्यक्षात मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये ठरले आणि दुसऱ्या वेळी मुलगी झाली तरच 6,000. रोजंदारी बुडाली तर चूल विझते, म्हणून आठव्या महिन्यातही आमची बाई साथीच्या दिवसांत चार घरी कामाला जात होती. लागण तिला तेथेच गाठते.

आणि या मृत्यूंत आपल्या समाजाच्या किती? ब्रिटनमध्ये पहिल्या लाटेत रुग्णालयात दाखल झालेल्या 427 गर्भवतींची नोंद तपासली, तेव्हा निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य वंशांच्या निघाल्या. त्यांनी मोजले म्हणून कळले. आमच्याकडे जाहीर झालेल्या वरच्या आकड्यांत जातीचा रकानाच नाही. मातामृत्यू सरकार राज्यवार सांगते, जातवार सांगत नाही. शिवाय आमच्या भागात काही किलोमीटरांत छावणी मंडळ, महापालिका, भगूर नगरपरिषद आणि जिल्हा परिषद अशा चार हद्दी लागतात. गर्भवतीची नोंद एका हद्दीत, सोनोग्राफी दुसऱ्या हद्दीत, बाळंतपण तिसऱ्या. मग तिच्या मृत्यूचा हिशेब कोण देणार?

म्हणून आमची मागणी तीन गोष्टींची आहे. मातामृत्यूच्या प्रत्येक नोंदीत जात आणि व्यवसाय लिहिला जावा. असंघटित कामगार भगिनींना बाळंतपणात मजुरीइतकी भरपाई मिळावी. साथीच्या काळात लस आणि खाट यांत गर्भवतीचा पहिला मान असावा.

सरकार करील तेव्हा करील. तोवर कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीतील गर्भवतींची वही ठेवावी. पहिल्या तीन महिन्यांत आशाताईकडे नाव नोंदवावे, लोहाच्या गोळ्या चुकू देऊ नयेत, सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत आहे हे घरोघरी सांगावे आणि 108 क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा. आई बाधित झाली तरी तोंडाला मुसके बांधून, हात धुऊन तिने बाळाला अंगावर पाजावे. ते दूध तोडू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितले आहे. ज्या बाळाचा वर उल्लेख केला ते आता शाळेत जाऊ लागले आहे. त्याच्या आईला कोणीही दारातून परत पाठवायला नको होते, एवढेच आम्हाला सांगायचे आहे.