रायफलचा ट्रिगर बदलताना

बोल्ट-ॲक्शन रायफलमध्ये ट्रिगरने गोळी सुटते, हे सगळ्यांना ठाऊक असते. गोळी सुटू न देणे हेही त्याचेच काम, आणि ते जास्त जोखमीचे. बोल्ट बंद झाला की फायरिंग पिन दाबलेल्या स्प्रिंगच्या जोरावर पुढे उसळायला तयार असते. तिला अडवतो सिअर नावाचा पोलादी तुकडा. त्याला मिळणारा टेकू मिलिमीटरहूनही कमी रुंदीचा असतो. चाप हलका व्हावा म्हणून ट्रिगर बदलणाऱ्याचा हात नेमका याच टेकूला लागतो.

येथे काय बिघडू शकते, हे अमेरिकेतील रेमिंग्टन ७०० या रायफलीच्या इतिहासात दिसते. ती १९६२ मध्ये बाजारात आली. माइक वॉकर या अभियंत्याने रचलेल्या तिच्या ट्रिगरमध्ये एक सुटी पट्टी होती. कचरा किंवा गंज साचला तर ती पूर्णपणे जागेवर येत नाही आणि चाप न ओढताही गोळी सुटते, असा टीकाकारांचा आरोप होता. ट्रिगर सदोष असल्याचे कंपनीने मात्र कायम नाकारले. १९८२ पर्यंतच्या रायफलींत सेफ्टी लावली की बोल्टही अडकायचा. म्हणजे भरलेली रायफल रिकामी करण्यासाठीच सेफ्टी काढावी लागे. २००० मध्ये माँटाना राज्यात अशीच रायफल रिकामी करताना गोळी सुटून एका मुलाचा जीव गेला. पुढे आलेला नवा ट्रिगरही कंपनीला २०१४ मध्ये परत मागवावा लागला. जोडणीच्या वेळी त्यात चिकट द्रव्य जास्त पडले होते. नवा सुटा भाग म्हणजे निर्धोक भाग, हा समज त्यामुळे टिकत नाही.

नवा ट्रिगर त्याच मॉडेलसाठी बनवलेला हवा आणि तो जाणत्या बंदूक-कारागिराकडूनच बसवून घ्यावा. भारतात परवान्याशिवाय शस्त्रदुरुस्तीचा व्यवसाय करणे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार गुन्हा आहे. जुनाच सिअर घरी कानशीने घासणे तर सर्वांत घातक. अनेक सिअरांचा कडक थर वरवरचा असतो. तो गेला की खालचे मऊ पोलाद झिजते आणि आज ठीक वाटणारा चाप काही महिन्यांनी दगा देतो.

काम झाल्यावर चेंबर आणि मॅगझिन रिकामे असल्याची डोळ्यांनी व बोटाने खात्री करावी, नळी सुरक्षित दिशेला धरावी आणि मगच चाचणी घ्यावी. सेफ्टी लावून चाप जोरात ओढायचा, बोट काढायचे आणि सेफ्टी सोडायची. या क्षणी फायरिंग पिन सुटली, तर ट्रिगर नापास. नंतर बोल्ट अनेकदा झटक्यात बंद करून पाहावा, दस्ता रबरी गादीवर आपटावा. पिन एकदाही सुटता कामा नये. शिकारीच्या रायफलीला साधारण एक ते दोन किलोचा चाप योग्य. निशाणेबाजीच्या स्पर्धेतील अतिहलका चाप जाड हातमोज्यातल्या बोटाला कळतच नाही. कडाक्याच्या थंडीत तेल घट्ट होऊन सिअर जागेवर यायला उशीर लागतो, म्हणून ट्रिगरमध्ये तेल ओतू नये. जिवंत काडतुसाची पहिली चाचणी रेंजवर, एका वेळी एकच काडतूस भरून घ्यावी.