पोहे आणि रक्त

अमरावती-अकोल्याच्या वस्त्यांमध्ये रक्ततपासणीला गेलो की आम्ही बायांना पहिले विचारतो, सकाळी काय खाल्लं? उत्तर ठरलेलं : आलूपोहे अन् चहा.

'पोहे' हा शब्द संस्कृत 'पृथुक'वरून आला. 'पृथु' म्हणजे रुंद, पसरट, पालीत 'पुथु'. भिजवून भाजलेला धान चेपला की पोहा. धान काही वऱ्हाडाचं पीक नाही, तो भंडारा-गोंदियाकडचा, आपली ज्वारी. तरी शब्द घराघरात मुरला, इतका की मुलगी पाहायच्या कार्यक्रमालाच 'कांदेपोहे' म्हणतात. ताट घेऊन येणाऱ्या त्या पोरीचं हिमोग्लोबिन किती, हे मात्र कोणी विचारत नाही! 12 ग्रॅमच्या खाली असेल तर तिला रक्तक्षय आहे.

पोह्यात थोडं लोह असतं. वरून लिंबू पिळलं की ते अंगी जास्त लागतं, सोबतच्या चहानं अडतं. म्हणून चहा तासाभरानं घ्या. शेंगदाणे, मोडाची मटकी टाका. पण रक्त कमीच असेल तर नुसत्या पोह्यांनी भागत नाही. लोहाच्या गोळ्या उपकेंद्रात फुकट मिळतात, मागून घ्या. अन् तीही गोळी चहासोबत गिळू नका.