जवसाचे तेल, कार्बनच्या नळ्या आणि औजारांचा गंज



परवा मंगळवार पेठेत रंगाच्या दुकानात एक मामा भेटले. म्हणाले, "साहेब, नांगराला दरसाल भुईमुगाचं तेल लावतो, तरी गंज चढतोच. आता नॅनो घातलेलं तेल निघालंय म्हणे. घ्यावं का?"

आधी तेलाचे पाहू. भुईमुगाचे तेल वाळत नाही. ओशट राहते, धूळ धरते, पावसात धुऊन जाते. जवसाचे तेल मात्र हवेतला प्राणवायू घेते, त्याचे कण एकमेकांत गुंततात आणि पापुद्रा धरतो. दुकानात 'बेलतेल' म्हणतात ते हेच, लवकर वाळावे म्हणून प्रक्रिया केलेले.

पण हा पापुद्रा मऊ. घासला की जातो, ओलही झिरपते. म्हणून शास्त्रज्ञ वनस्पती तेलांच्या लेपात कार्बनच्या नळ्या मिसळून पाहत आहेत. जपानच्या सुमिओ इजिमा यांनी १९९१ मध्ये वर्णन केलेल्या या नळ्या केसाहून हजारो पट बारीक असतात. भिंतीच्या चिखलात आपण भुसा का घालतो? तडा गेला तरी काडी दोन्ही बाजू धरून ठेवते. तेच काम इथे नळी करते, आणि तीही अगदी थोडी पुरते.

अडचण अशी की नळ्यांच्या पिठल्यासारख्या गाठी होतात, आणि गाठीपाशीच लेप फुटतो. शिवाय कार्बनमधून वीज वाहते. लेपावर ओरखडा पडला तर तिथले लोखंड उलट लवकर गंजू शकते. कोरडी भुकटी श्वासातून जाणे फुप्फुसांना घातक, तेव्हा घरी मिसळण्याचा खटाटोप नको. चुलीची काजळीही या नळ्यांचे काम करणार नाही. मामांना म्हटले, "तूर्त साधं बेलतेलच घ्या."

मृगाआधी औजार तारेच्या ब्रशने घासा, कोरडे करा. फडक्याने पातळ हात द्या, जादा तेल पुसा. जाड थर वरून सुकतो, आत चिकट राहतो. पहिला हात पुरता वाळल्यावर दुसरा द्या. गुळाच्या काहिलीला आतून हे तेल लावू नका.

आणि ते तेलकट फडके! तेल वाळताना उष्णता निघते. चुरगळून टाकलेला बोळा काडी न लावताही पेटतो. गुऱ्हाळात चिपाडाजवळ तो पडला तर काय होईल, सांगायला नको. फडके पाण्यात भिजवा आणि उघड्यावर, जळणापासून दूर, एकेक पसरून वाळवा.