तोळ्याचा भाव आणि भाताचे मोल : महामंदीतील कुलाबा जिल्हा

तळगडाच्या पायथ्याचा आजचा तळा तालुका १९३० च्या दशकात माणगाव तालुक्यात मोडत असे, आणि त्या काळच्या कुलाबा जिल्ह्यातील इतर भागांप्रमाणे येथेही पीक मुख्यतः भाताचे, तर रोख पैशाचा मोठा आधार मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीचा होता. मागणी, उत्पादन, रोजगार आणि भाव एकमेकांना खाली ओढत नेतात अशा दीर्घ घसरणीला मंदी म्हणतात. तिचा सामान्य ग्राहकावरील परिणाम समजून घ्यायचा तर रुपयाची दोन मोले वेगळी पाहावी लागतात. रुपयाला किती तांदूळ मिळतो, हे त्याचे अंतर्गत मूल्य आणि किती परकीय चलन मिळते, हे बाह्य मूल्य. त्यालाच हुंडणावळीचा दर म्हणतात.

ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि शेतमालाचे भाव जगभर गडगडले. कलकत्त्याचा घाऊक भावांचा निर्देशांक, १९१४ चे भाव १०० धरता, १९२९ मध्ये १४१ होता, तो १९३३ मध्ये ८७ वर आला.

स्वस्ताईचा लाभ ठरावीक पगार टिकून राहिलेल्या नोकरदाराला झाला, कारण त्याच पगारात अधिक धान्य येऊ लागले. परंतु कोकणातील कुळ हे ग्राहक होण्याआधी विक्रेते आणि कर्जदार होते. समजा, शंभर रुपये कर्ज काढताना भाताचा भाव मणाला चार रुपये होता, तर ते पंचवीस मणांत फिटले असते. भाव दोन रुपयांवर आला की त्याच शंभरांसाठी पन्नास मण भात घालावे लागणार. कागदावर कर्जाचा आकडा तोच राहतो, व्याज आणि शेतसाराही रुपयांतच मोजले जातात, आणि घरातील धान्य मात्र दुपटीने बाहेर जाते. त्यातच गिरण्यांत वेतनकपात झाली, १९३४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी सार्वत्रिक संप केला, आणि मनीऑर्डरीचा आधारही डळमळला.

या काळातील खरा कळीचा प्रश्न हुंडणावळीचा होता, आणि तो अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर फारसा पोहोचला नाही, ही खेदाची बाब आहे. चलनविषयक हिल्टन यंग आयोगाच्या शिफारशीनुसार १९२७ मध्ये रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्स, म्हणजे अठरा पेन्स, असा कायद्याने बांधण्यात आला; सोळा पेन्सांचा आग्रह धरणारे सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी आयोगात भिन्नमतपत्रिका जोडली होती. सोळा पेन्सांच्या दराने एका पौंडाच्या मालाचे पंधरा रुपये हाती येत, अठराच्या दराने तेरा रुपये पाच आणे चार पै. म्हणजे चढ्या रुपयाने आयात माल स्वस्त केला आणि निर्यातदाराच्या पदरी कमी रुपये टाकले. ‘रुपयाचा प्रश्न’ हा ग्रंथ १९२३ मध्ये लिहिणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी याच आयोगापुढे साक्ष दिली होती. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा, याच कुलाबा जिल्ह्यातला. चलनाचा हा अभ्यासक त्याच वर्षी याच मुलखात पाण्याच्या हक्कासाठी उभा होता, हे विसरता येत नाही.

२१ सप्टेंबर १९३१ रोजी इंग्लंडने सुवर्णमान सोडला, म्हणजे पौंडाच्या बदल्यात ठरावीक सोने देण्याचे बंधन सोडले, आणि रुपया मात्र त्याच अठरा पेन्सांनी पौंडाला बांधलेला ठेवण्यात आला. पौंड सोन्याच्या तुलनेत घसरला तसा रुपयाही घसरला. कायद्याच्या दराने एकवीस रुपये तीन आणे दहा पै पडणारे तोळाभर सोने वर्षअखेरीस तिशीच्या आसपास पोहोचले. भात पडलेले आणि सोने चढलेले, अशा त्या विलक्षण बाजारात पाटल्या आणि पुतळ्यांची माळ मोडून सारा आणि व्याज भागवणे, एवढाच मार्ग देशभरातील असंख्य शेतकरी कुटुंबांपुढे उरला. या सोन्याला ‘अडचणीचे सोने’ म्हटले गेले. पुढील आठ-नऊ वर्षांत ३०० कोटी रुपयांहून अधिक किमतीचे सोने, बरेचसे मुंबई बंदरातून, परदेशी गेले. तळा गावाजवळच्या कुडे लेण्यांत कराडच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याचे आणि एका माळ्याचे दान कोरलेले आहे, ती इथल्या जुन्या व्यापाराचीच खूण. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी मांदाडच्या खाडीने जो किनारा समुद्री व्यापाराशी जोडला, त्याच किनाऱ्यावरील बंदरातून आता बायकांच्या अंगावरचे सोने गेले. सरकारने या सोनेविक्रीकडे चढ्या भावाचा लाभ घेणारी खुशीची विक्री म्हणून पाहिले. तो निष्कर्ष चुकीचा होता, कारण कर्ज आणि सारा अंगावर असताना केलेल्या विक्रीला खुशीची म्हणता येत नाही.

दागिने मोडणे हा एक मार्ग झाला; काही कुळांनी नांगरच थांबवला. अलिबाग तालुक्यातील चरी आणि परिसरातील पंचवीस गावांच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांच्या, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या वतनदार जमीनमालकांच्या, जमिनी कसायचे नाकारले. त्या संपामागे खोतीचा जुना जुलूम होताच, मंदीने तो असह्य केला. १९३७ मध्ये आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष कायदा १९४९ मध्ये झाला.

सरकारी आकडे बंदरातून गेलेले सोने मोजतात, ते कोणत्या घरातून आणि कोणत्या हप्त्यासाठी गेले हे सांगत नाहीत. ती नोंद गहाणखते, साऱ्याच्या पावत्या आणि सराफांच्या वह्या यांतच सापडू शकते. तळा, माणगाव, रोहा या भागांतील वाचकांना विनंती अशी की दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून असा मोडी लिपीतला एखादा जीर्ण कागद हाती आला, तर तो रद्दीत घालू नये. मोडी जाणणाऱ्याकडून आधी वाचून घ्यावा.