काम जलाशयाचं, वेळ टायमरची

जोयडा तालुक्यात गणेशगुडीला काळी नदीवर सुपा धरण आहे. समजा, त्याच्या पाण्याची पातळी दर १५ मिनिटांनी नोंदवणारा जावा प्रोग्राम लिहायचा आहे. 'जलाशय' क्लासमध्ये 'पातळीवाच' ही मेथड तयार आहे. (जावात अशी देवनागरी नावं पहिल्यापासून चालतात.) पण ती वेळेवर कॉल करायची कुणी?

१९९६ साली जावा १.० आली तेव्हा त्यासाठी तयार सोय नव्हती. वेगळा थ्रेड काढायचा, न संपणारं लूप फिरवायचं आणि दर फेरीला 'स्लीप' म्हणून नऊ लाख मिलिसेकंद थांबायचं. एका वाचनाला दोनच सेकंद लागले तरी दिवसाच्या ९६ नोंदींत तीन मिनिटांहून जास्त घसरण व्हायची.

मे २००० मध्ये १.३ आवृत्तीने टायमर आणि टायमरटास्क हे क्लास दिले. टायमरटास्कमधून नवा क्लास काढायचा आणि त्याच्या 'रन'मध्ये दुसऱ्या क्लासची मेथड कॉल करायची. 'स्केड्युल अ‍ॅट फिक्स्ड रेट' वापरलं की घसरणही थांबली. नवशिके मात्र इथेच चुकत आले आहेत: 'रन'च्या आत दर वेळी नवा जलाशय तयार करायचा, म्हणजे मागची पातळी पुसली गेली. खरं तर एकदाच बनवलेलं ऑब्जेक्ट कन्स्ट्रक्टरमधून टास्कच्या हाती द्यायला हवं. मेथड कॉल करणं सोपं आहे; कोणत्या ऑब्जेक्टवर, हे ठरवण्यात खरं कौशल्य आहे.

या टायमरची मोठी उणीव म्हणजे सगळ्या कामांना मिळून एकच थ्रेड. सेन्सरने आकड्याऐवजी रिकामी ओळ पाठवली, एक्सेप्शन आलं आणि ते कुणी पकडलं नाही, की तो थ्रेडच संपतो. मग त्याच टायमरवर पावसाची नोंद ठेवली असेल, तर पातळीबरोबर तीही बंद.

सप्टेंबर २००४ मध्ये जावा ५ आली. डग ली यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या कन्करन्सी पॅकेजमध्ये स्केड्युल्ड एक्झिक्युटर होता. आता हवे तितके थ्रेड ठेवता येतात, सिस्टिमचं घड्याळ मागेपुढे केलं तरी वेळापत्रक ढळत नाही आणि एका कामाच्या अपघातात दुसरं बुडत नाही. मात्र फसलेल्या कामाच्या पुढच्या फेऱ्या गुपचूप थांबतात, लॉगमध्ये आपोआप एक ओळही पडत नाही. म्हणून मेथडभोवती ट्राय-कॅच हवाच.

मार्च २०१४ च्या जावा ८ ने मधला क्लासही अनावश्यक केला. एक्झिक्युटरला 'सुपा::पातळीवाच' एवढं दिलं की पुरे. 'सुपा' हे ऑब्जेक्ट, पुढे त्याची मेथड. त्यानंतर पहिली फेरी किती वेळाने, पुढच्या किती अंतराने आणि वेळेचं एकक. प्रोग्राम आटोपताना 'शटडाउन' तेवढं कॉल करावं लागतं, नाहीतर एक्झिक्युटरचे थ्रेड त्याला बंद होऊ देत नाहीत.