सूचीतील कालनोंद : मूळ तिथी आणि संगणकीय दिनांक

हस्तलिखिते व लोकगीतांची संकलने यांची संगणकीय सूची करताना कालनोंदीचा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो वाङ्मयेतिहासाच्या कालक्रमाचा प्रश्न आहे. दोन पोथ्यांपैकी पूर्वीची कोणती हे चुकले, तर प्रभावाची दिशाच उलटते.

१ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आलेला नंदुरबार जिल्हा गुजरातला लागून असल्याने येथील अभ्यासकाला दोन कालगणनांचे भान ठेवावे लागते. शकाचे वर्ष चैत्रात बदलते, तर गुजरातेत रूढ असलेल्या विक्रम संवताचे कार्तिकात. म्हणून शकाच्या आकड्यात सरसकट ७८ मिळवून चालत नाही. वर्षाच्या अखेरच्या महिन्यांसाठी ७९ मिळवावे लागतात.

जेधे शकावलीतील शिवजन्माची नोंद या दृष्टीने उद्बोधक आहे. शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार ही तिथी १६२९ मध्ये नव्हे, तर १९ फेब्रुवारी १६३० रोजी येते. हा दिनांकही ज्युलियन गणनेचा आहे. ग्रेगरियन गणनेनुसार तो १ मार्च होतो. संगणकप्रणाली बहुधा ग्रेगरियन गणनाच भूतकाळात मागे नेतात. त्यामुळे १९ फेब्रुवारी तसाच भरल्यास यंत्र शुक्रवारऐवजी मंगळवार दाखविते.

यावर उपाय एकाच रकान्यात सापडत नाही. मूळ नोंद जशीच्या तशी मजकूर म्हणून एका रकान्यात राहावी. शक, संवत वा अन्य गणनेचे नाव दुसऱ्यात असावे. रूपांतरित काळ ‘पासून’ व ‘पर्यंत’ अशा दोन रकान्यांत, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहावा. या क्रमामुळे नोंदी आपोआप कालानुक्रमे लागतात. पोथीवर केवळ ‘शके १७२०’ असेल, तर १७९८ च्या चैत्रापासून १७९९ च्या फाल्गुनापर्यंतचा अवधी नोंदवावा. तेथे १ जानेवारी १७९८ लिहिणे म्हणजे लेखकाने न दिलेली निश्चिती त्याच्या नावावर घालणे होय; शिवाय तो दिवस शके १७१९ मधील आहे.

भिल्ल व पावरा गीतांबाबत ध्वनिमुद्रणाचा दिनांक निश्चित असतो, रचनाकाळ बहुधा नसतो. हे दोन्ही वेगळे ठेवावेत. होळीच्या गीताचा ऋतुसंदर्भ स्वतंत्रपणे नोंदवावा आणि अज्ञात रचनाकाळाचा रकाना रिकामाच ठेवावा. रूपांतर पुढे दुरुस्त करता येते. गाळलेली मूळ तिथी मात्र सूचीतून परत मिळत नाही.